हिरड्यांचा इलाज झाला, पुढे काय?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या आरोग्य शिबिरातील भाषण. शब्दांकन करताना बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

आरोग्य शिबिर म्हटलं की आपण गर्भाशयाबद्दल बोलतो, अंगावर पांढरं जाण्याबद्दल बोलतो, रक्त कमी असण्याबद्दल बोलतो. ते बोललंच पाहिजे. बाईच्या शरीराबद्दल चारचौघींत उघड बोलायला आपल्याला फार वर्षं लागली. पण या सगळ्यात तोंड मागे राहून गेलं. दात दुखला तर लवंग धरायची, हलायला लागला तर उपटून टाकायचा, आणि वास येतो म्हणून पदर तोंडावर धरून बोलायचं, एवढ्यावर आपण ते प्रकरण मिटवतो.

आज मी हिरड्यांबद्दल बोलणार आहे. त्यातही हिरड्यांचा इलाज झाल्यानंतरच्या दिवसांबद्दल. ज्या बायका कशाबशा दवाखान्यापर्यंत पोचतात, दात साफ करून घेतात, त्यांच्यापैकी पुष्कळ जणींचा आजार वर्षा-दीड वर्षात पुन्हा उलटतो. मग घरातले म्हणतात, "बघ, पैसे वाया गेले." आणि बाईलाही वाटतं की आपलेच दात वाईट.

मी डॉक्टर नाही. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेली कार्यकर्ती आहे. दातांच्या विभागात येणाऱ्या बायकांशी बोलणं आणि ज्या परत आल्या नाहीत त्या का आल्या नाहीत हे त्यांच्या घरी जाऊन समजून घेणं, असं माझं काम. तेव्हा आजाराबद्दल सांगेन ते दंतवैद्यांकडून शिकलेलं आहे, आणि घराबद्दल सांगेन ते बायकांकडून.

आजार काय असतो, ते आधी

आपण याला पायोरिया म्हणतो. दातांवर सतत एक चिकट, पांढुरका थर साचत असतो. जीभ फिरवली की खरखरीत लागतो, तोच. त्यात जंतू असतात. रोज नीट घासला तर तो निघतो. राहिला तर काही दिवसांत टणक होतो, त्याला आपण कीटण म्हणतो. कीटण ब्रशने निघत नाही. ते हिरडीच्या खाली उतरायला लागलं की हिरडी सुजते, लाल होते, रक्त येतं. याच टप्प्यावर काळजी घेतली तर हिरडी पूर्ववत होते. नाही घेतली तर हिरडी दातापासून सुटते, मध्ये फट तयार होते, तिला डॉक्टर पॉकेट म्हणतात. त्या पॉकेटमध्ये जंतू वाढतात आणि दाताला धरून ठेवणारं जबड्याचं हाड झिजायला लागतं. दात हलतो तो यामुळे.

या आजाराची वाईट गोष्ट ही की तो बहुतेक वेळा दुखत नाही. दुखलं तर आपण निदान कुरकुर तरी करतो. आणि न दुखणाऱ्या आजारासाठी रोज बुडवून दवाखान्यात जाणारी बाई आपल्याकडे कुठून यायची?

दवाखान्यात काय करतात? मशीनने आणि हातातल्या हत्यारांनी दातांवरचं आणि हिरडीखालचं कीटण काढतात, मुळं गुळगुळीत करतात. कधी हिरडी उघडून आतून साफ करावी लागते. यामुळे जंतूंचा साठा निघतो, सूज उतरते, हिरडी पुन्हा दाताला धरते. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. झिजलेलं हाड साध्या सफाईने परत येत नाही. इलाजाने झीज थांबते. आणि ती थांबलेली राहणं हे पुढच्या सांभाळण्यावर आहे.

इलाजानंतरचे पहिले दिवस

पहिल्या आठवड्यातच बाया घाबरतात. म्हणून हे नीट समजून घ्या आणि आपापल्या गटात सांगा.

दात साफ केल्यावर एक-दोन दिवस हिरड्या हुळहुळतात, थुंकीत थोडं रक्त दिसतं. थंड पाणी लागलं की दात शिवशिवतात, कारण जी मुळं कीटणाखाली झाकलेली होती ती उघडी पडलेली असतात. हा त्रास बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत कमी होतो. त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते, ती डॉक्टर लिहून देतात.

दुसरं म्हणजे दातांमध्ये फटी दिसायला लागतात. कधी दात पूर्वीपेक्षा जास्त हलल्यासारखे वाटतात. इथेच तो समज जन्माला येतो की "मशीनने साफ केलं की दात ढिले होतात." एका मावशींनी मला सांगितलं, "बाई, चांगले घट्ट होते, डॉक्टरनी खिळखिळे केले." खरं असं असतं की त्या फटी कीटणाने आणि सुजलेल्या हिरडीने बुजलेल्या होत्या. भिंतीतलं लिंपण निघाल्यावर आतली भेग दिसावी, तसं. भेग आधीचीच. सूज उतरून हिरडी आवळली की हलणं पुष्कळदा कमी होतं. हा समज गावात एकीने पसरवला की दहा जणी दवाखान्याकडे फिरकत नाहीत, म्हणून तो आपण खोडून काढला पाहिजे.

या दिवसांत कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात. पेलाभर पाण्याला अर्धा चमचा मीठ पुरे. फार कडक, फार तिखट खाऊ नये. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीनचं औषध चूळ भरायला दिलं असेल तर सांगितलेत तेवढेच दिवस वापरा, साधारण दोन आठवडे. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, तोंडाची चव जाते. ते पेस्ट लावून दात घासल्यावर लगेच घेऊ नये, अर्धा तास जाऊ द्यावा. आणि दुखतंय म्हणून घासणं बंद करायचं नाही. मऊ ब्रशने, हलक्या हाताने घासायचंच.

रक्त थांबत नसेल, पू येत असेल, ताप आला, गालावर सूज आली, तर तारखेची वाट न बघता परत जायचं.

आजार परत का येतो

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो नावाच्या दंतवैद्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या तरुणांना त्यांनी दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात त्या बऱ्या झाल्या. म्हणजे चांगली हिरडी बिघडायला तीन आठवडे पुरतात. मग जी हिरडी एकदा आजारी पडून उठली आहे, तिचं काय?

दुसरा अभ्यास स्वीडनमधला, अ‍ॅक्सेलसन आणि लिंडे यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेला. हिरड्यांचा इलाज पूर्ण झालेल्या रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला दर दोन-तीन महिन्यांनी बोलावून तपासलं, साफ केलं, घासण्याची पद्धत पुन्हा पुन्हा शिकवली. दुसऱ्या गटाला त्यांच्या नेहमीच्या दंतवैद्याकडे परत पाठवलं. सहा वर्षांनी पाहिलं तर पहिल्या गटाच्या हिरड्या टिकल्या होत्या आणि दुसऱ्या गटात आजार पुन्हा उलटला होता. इलाज दोन्हींकडे झाला होता. फरक पडला तो नंतरच्या सांभाळण्याने.

याचं कारण असं की हिरडीखालची जागा साफ केली तरी जंतू तिथे पुन्हा वस्ती करतात. काही आठवड्यांत, दोन-तीन महिन्यांत ते पहिल्यासारखे होऊ शकतात. म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी बोलावतात. पुढे हिरड्या चांगल्या राहिल्या तर डॉक्टर ही मुदत वाढवतात. म्हणजे हा आजार मधुमेहासारखा किंवा रक्तदाबासारखा समजायचा. एकदा औषध घेतलं आणि संपलं, असा तो नाही.

रोजचं घासणं

हे आपल्याला येतं असं सगळ्यांना वाटतं, म्हणून सविस्तर सांगते.

ब्रश मऊ हवा. कडक ब्रशने स्वच्छ होतं हा गैरसमज आहे. कडक ब्रशने आणि जोर लावून घासण्याने हिरडी खाली सरकते. ब्रश तिरका धरून, त्याचे केस दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेघेवर टेकवायचे आणि जागच्या जागी बारीक हलवायचे. मग पुढच्या दोन-तीन दातांवर जायचं. बाहेरून, आतून, चावायच्या बाजूने. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू सगळ्या विसरतात आणि कीटण सगळ्यांत जास्त तिथेच साचतं. निदान दोन मिनिटं लागतात. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. ब्रशचे केस वाकडे झाले की, किंवा तीन महिन्यांनी, तो बदलायचा.

दिवसातून दोनदा घासायचं आणि त्यातलं रात्रीचं चुकवायचं नाही. रात्री झोपेत तोंडात लाळ कमी असते, जंतूंना मोकळं रान मिळतं.

इलाजानंतर ज्या फटी दिसायला लागतात, त्यांत ब्रश पोचत नाही. त्यासाठी बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा एक छोटा ब्रश औषधांच्या दुकानात मिळतो. जिथे फट अरुंद आहे तिथे दात साफ करण्याचा दोरा वापरतात. कोणत्या फटीला काय, हे डॉक्टरांकडून आरशात बघून शिकून घ्या. पण साडीची पिन, आगकाडी, केसांचा आकडा यांनी फटी कोरू नका. इथे बसलेल्यांपैकी किती जणींच्या मंगळसूत्राला आत्ता पिन लटकवलेली आहे, ते मी विचारत नाही!

घासताना रक्त आलं तर बायका ती जागा सोडून देतात. करायला हवं उलट. रक्त येतं ती जागा सुजलेली आहे, म्हणजे तिथे थर राहतोय. तिथे हलक्या हाताने जास्त नीट घासा. आठवडाभरात थांबलं नाही तर दाखवा.

कडुलिंबाची काडी चालते का, राखुंडी चालते का, असं नेहमी विचारतात. काडी नीट चावून, मऊ कुंचा करून वापरली तर पुढचे दात स्वच्छ होतात, पण मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला आणि फटींत ती पोचत नाही. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी मात्र नकोच. उघड्या पडलेल्या मुळांना त्या खरवडतात.

मिश्रीचा प्रश्न

आता ज्या विषयावर तुम्ही माझ्याशी भांडणार आहात, त्याकडे येते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात बायका मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची. कुठे मशेरी म्हणतात, कुठे त्याऐवजी तपकीर लावतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १७ टक्के प्रौढ स्त्रिया कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू घेत होत्या. आपल्याकडे विडी-सिगारेट ओढणाऱ्या बायका थोड्या, तेव्हा यातली बहुतेक तंबाखू तोंडात ठेवायची किंवा चोळायची आहे, हे उघड आहे. १९९२ साली सरकारने तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांच्या उत्पादनावर बंदी आणली. पण घरच्या तव्यावरच्या मिश्रीला कुठला कायदा पोचणार?

मिश्रीने हिरडी झिजते, दाताची मुळं उघडी पडतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गरोदरपणी तंबाखू घेतली तर बाळाचं वजन कमी भरतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका अभ्यासात न ओढायची तंबाखू घेणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळलं. आणि आपल्या आजच्या विषयापुरतं सांगायचं तर तंबाखू घेणाऱ्या माणसाची हिरडी इलाजानंतर नीट भरून येत नाही. विडी ओढणाऱ्यांत तर हिरडीतून रक्तही कमी येतं, त्यामुळे आजार आत वाढत असतो आणि बाहेरून ठीक दिसतं.

हे सगळं सांगून बाई मिश्री सोडते का? नाही सोडत. आणि तिला अडाणी म्हणून आपण मोकळ्या होऊ शकत नाही. मी ज्या बायकांशी बोलले त्यांची कारणं ऐका. कुणाला लहानपणी दात दुखला म्हणून आजीने लावायला दिली. कुणाला ती लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. कुणाचं डोकं उठतं. कुणी म्हणते, भूक मारते, मग दुपारपर्यंत खुरपणीला वाकता येतं. आणि एकीने सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ती म्हणाली, "ताई, मागल्या दारी मिश्री लावत बसले की मला कुणी हाक मारत नाही. तोंड भरलेलं असतं ना. तेवढाच वेळ माझा."

बायांनो, याचा विचार करा. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत आढळलं, की आपल्या देशात घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि जो पुरुष घरकाम करतो तो ९७ मिनिटं. त्या २९९ मिनिटांच्या रगाड्यात मिश्रीची दहा मिनिटं हीच तिची विश्रांती. आपण येऊन ती काढून घ्यायला सांगतो आणि बदल्यात काही देत नाही, मग ती आपलं का ऐकेल?

म्हणून मी असं सुचवते की बसणं सोडू नका, मिश्री सोडा. तीच जागा, तीच वेळ, त्याच मैत्रिणी. हातात मिश्रीच्या डबीऐवजी ब्रश. तोंड भरलेलंच असतं, तेव्हाही कुणी हाक मारणार नाही! पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. तंबाखूतलं निकोटिन शरीर मागतं म्हणून असं होतं आणि काही आठवड्यांत ते ओसरतं. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी प्या, तलफ आली की बडीशेप, लवंग तोंडात ठेवा. दोघी-तिघींनी मिळून एकच दिवस ठरवून सोडली तर टिकतं. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे, १८००-११२-३५६. नाहीच जमलं एकदम, तरी दवाखान्यात जाणं थांबवू नका. मिश्री लावते म्हणून डॉक्टर रागावतील या भीतीने पुष्कळ जणी तारीख चुकवतात. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर एक दिवसही थांबायचं नाही.

बाकीच्या शरीराशी संबंध

हिरडी ही शरीरापासून वेगळी नाही. साखर वाढलेली असेल तर हिरडीचा आजार बळावतो आणि हिरडी आजारी असेल तर साखर आटोक्यात राहायला अडचण होते. हे दोन्ही बाजूंनी चालतं. म्हणून इलाज करूनही हिरड्या सुधारत नसतील, तर रक्तातली साखर तपासून घ्या.

गरोदरपणी शरीरात जे बदल होतात त्यामुळे थोड्याशा थरानेही हिरड्या जास्त सुजतात. "बाळंतपणात दात जायचेच", "पोटातलं मूल आईच्या दातातलं कॅल्शियम खातं", असं म्हातारी माणसं सांगतात. ते खरं नाही. न घासल्याने, वेळेवर न दाखवल्याने दात जातात. गरोदरपणी दात साफ करून घेता येतात. मधले तीन महिने त्यासाठी सगळ्यांत सोयीचे. फक्त डॉक्टरांना दिवस गेल्याचं सांगायचं. पूर्वी हिरड्यांचा इलाज झालेल्या बाईने तर या काळात तपासणी चुकवूच नये. पाळी जाण्याच्या वयात तोंड कोरडं पडतं, तेव्हाही जास्त लक्ष द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट, नाजूक आहे पण बोलते. दात हलतो तो दर वेळी पायोरियानेच हलतो असं नाही. तोंडावर बसलेल्या माराने हलतो. बाई केसपेपरवर "पाय घसरून पडले" असं लिहून घेते. आधीच आधार कमी झालेला दात अशा एका तडाख्याने जातो. डॉक्टरांना खरं कारण सांगायला तिला बळ द्या. इलाज नीट होतोच, शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायद्याखाली दाद मागायची झाली तर तो कागद तिच्या कामी येतो.

बाई परत का येत नाही

तीन महिन्यांनी या, असं डॉक्टर सांगतात. बाई हो म्हणते आणि येत नाही. घरी गेल्यावर मला काय दिसतं?

एका घरात पाच माणसांत दोन ब्रश होते. एक नवऱ्याचा आणि एक शाळेत जाणाऱ्या मुलाचा. सून बोटाने घासत होती. ब्रशला पैसे नव्हते असं नाही. तिच्यासाठी ब्रश आणायचा असतो, हे कुणाला सुचलंच नव्हतं, तिलासुद्धा. दुसऱ्या घरी बाई रात्री साडेदहाला भांडी आवरून जी आडवी होते ती झोपतेच. रात्री दात घासायचे म्हणजे पुन्हा उठायचं, बाहेरच्या मोरीत अंधारात जायचं. तिसरीकडे पाण्याचाच प्रश्न. हंडाभर पाणी लांबून आणणारी बाई स्वतःच्या चुळांसाठी पाणी वापरताना विचार करते. आणि दवाखान्याची वेळ सकाळची, म्हणजे नेमकी पाण्याची, स्वयंपाकाची, कामावर जाण्याची. केसपेपरला फार पैसे लागत नाहीत. बसभाडं आणि बुडालेला रोज, हा खरा खर्च. मग घरात हिशोब होतो, "दर तीन महिन्यांनी कोण जाणार? एकदाचे काढून टाका दात."

काढायला एक दिवस पुरतो, सांभाळायला वर्षं लागतात, म्हणून बाईचे दात काढले जातात. मग ती भाकरी चहात बुडवून खाते. शेंगदाणे सोडते, मोड आलेली कडधान्यं सोडते, पेरू-गाजर सोडते. आधीच सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई, तिच्या ताटातलं आणखी कमी होतं. दात काढणं कधी खरोखर गरजेचं असतं. पण "हा दात वाचण्यासारखा आहे का?" हा प्रश्न विचारण्याचा हक्क तिचा आहे, आणि उत्तर ऐकून ठरवण्याचाही.

म्हणजे इलाजानंतर हिरडी टिकते की नाही, हे बाईच्या आळसावर ठरत नाही. तिचा स्वतःचा ब्रश आहे का, रात्रीची पाच मिनिटं तिची आहेत का, तीन महिन्यांतून एक दिवस घराबाहेर पडायला तिला कुणाची परवानगी लागते का, यावर ते ठरतं. घरात बाईच्या वाट्याला काय येतं, हाच तो जुना प्रश्न आहे.

आपण काय करू शकतो

भाषण करून मी निघून जाईन, म्हणून कामाच्या काही गोष्टी सांगते.

एक. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: तुझा स्वतःचा ब्रश आहे का? नसेल त्यांच्यासाठी गटाच्या पैशातून मऊ ब्रश एकत्र विकत घ्या. घाऊक घेतले तर स्वस्त पडतात.

दोन. ज्यांचा इलाज झाला आहे त्यांच्या पुढच्या तारखा बचतीच्या वहीतच लिहा. हप्त्याची तारीख जशी कुणी विसरू देत नाही, तशी ही विसरू द्यायची नाही. आणि एकटीने जाऊ नका. चौघी मिळून गेलात तर घरून अडवणंही कठीण होतं, आणि दवाखान्यात कुणी घाईने वाटेला लावू शकत नाही.

तीन. तपासणीच्या वेळी डॉक्टर एका बारीक सळीने पॉकेटची खोली मोजतात. तो आकडा विचारा आणि केसपेपरवर लिहून घ्या. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चार किंवा जास्त असेल आणि मोजताना रक्त येत असेल तर त्या जागेवर लक्ष हवं. मागच्या वेळी किती होता, आता किती आहे, हे बाईला स्वतःला कळलं की तिला आपल्या कष्टाचं फळ दिसतं. शाळेत न गेलेल्या बायकासुद्धा हे आकडे पाठ सांगताना मी ऐकल्या आहेत, आणि मोठ्या ऐटीत सांगतात!

चार. जिल्हा रुग्णालयांत दातांचा विभाग असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. आपल्या तालुक्यापासून जवळ काय आहे, कोणत्या वारी, किती वाजता, याची माहिती काढून ती गटाच्या फळ्यावर लावा. फेरतपासणीसाठी आठवड्यातली एक दुपार ठेवा, अशी मागणी लेखी करा. रोजावर जाणाऱ्या बाईला सकाळची वेळ जमत नाही, हे रुग्णालयाला कुणी सांगितलेलंच नसतं.

पाच. घरात बोला. सासूबाई, नवरा, मुलगा यांच्यासमोर सांगा की रात्री जेवणानंतर भांडी दुसरं कुणी आवरेल आणि ही आधी दात घासेल. हे मी विनोदाने सांगत नाही. एका वस्तीत एका सासूबाईंनीच हा नियम केला, कारण त्यांचे सगळे दात गेले होते आणि त्यांना माहीत होतं. त्या सुनेला म्हणाल्या, "भांडी पळून जात नाहीत, दात जातात."

मैत्रिणींनो, हिरड्यांचा आजार बाईला मारत नाही, म्हणून तो कुणाच्या यादीत येत नाही. पण त्याने तिचं खाणं जातं, मोकळं हसणं जातं, सभेत उठून बोलायची हिंमत जाते. दवाखान्याने आपलं काम केल्यावर पुढचं काम घरात आहे, आणि ते एकट्या बाईवर टाकून भागणार नाही. पुढच्या बैठकीत ब्रशच्या प्रश्नापासून सुरुवात करा. किती हात वर होतात ते मला कळवा.